अमेरिकेत पाणबुडी सैनिकांच्या स्मरणसभेत घंटा किती वेळा वाजवतात?

गमावलेल्या प्रत्येक पाणबुडीमागे एक टोला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या 52 पाणबुड्या गेल्या, त्यामुळे 52 टोले. नंतरच्या थ्रेशर (1963, 129 मृत) आणि स्कॉर्पियन (1968, 99 मृत) यांचेही सहसा जोडतात. नाव, गमावल्याची तारीख, मृतांची संख्या वाचायची, मग एकच टोला. नाद पूर्ण विरल्याशिवाय पुढचं नाव घेऊ नये. घाई इथेच होते आणि नावं एकमेकांत बुडतात. सरसकट ‘सर्व जण गेले’ असं तर म्हणूच नका: टँग या पाणबुडीचे 78 गेले, 9 वाचले. प्रवाळ खडकावर अडकलेल्या डार्टरचे सगळेच वाचले. मात्र हे टोले पाणबुड्यांचे. निवृत्तीनंतर वारलेल्या सैनिकांची नावं वेगळी वाचावीत.