इंडी रॉक मेला की मेलं?

एका वाचकानं विचारलंय: “‘इंडी रॉक मेला’ म्हणायचं की ‘मेलं’? आणि ‘इंडी’ला ‘स्वतंत्र’ हा प्रतिशब्द चालेल का? आमच्यातला एकजण म्हणतो, ‘इंडी’ हा मुळात एक आवाज आहे, त्याचं भाषांतर कशाला करायचं?”

लिंगाचं नंतर बघू. आधी त्या एकजणाचं, कारण हेच मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. गिटार जरा किणकिणली, गायकानं तोंडातल्या तोंडात दोन उदास ओळी म्हटल्या, की लगेच ‘एकदम इंडी आहे हे’. गाणं कोणी काढलं, मुद्रणाचे पैसे कोणी घातले, मूळ टेपची मालकी कोणाकडे राहिली, याची चौकशी कोणी करत नाही. बड्या कंपनीच्या पगारी माणसांनी बसून घडवलेलं गाणंसुद्धा ‘इंडी’ ठरतं, कारण ते हळू आहे. ‘खादी’ म्हणजे खरखरीत कापड, असं समजण्यातला हा प्रकार आहे. खादी खरखरीत असेलही, पण ती खादी ठरते हातानं कातल्या-विणल्यामुळे.

‘इंडी’ म्हणजे ‘इंडियन’ असं मानणाऱ्यांसाठी एकच वाक्य. ‘इंडिपॉप’मधला ‘इंडि’ भारतीयच आहे, पण ‘इंडी रॉक’मधल्या ‘इंडी’चा सिंधू नदीशी काडीचाही संबंध नाही.

‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’चा कापलेला तुकडा, हे सगळ्यांना माहीत आहे. तो कापला गेला धंद्यात, हे मात्र विसरलं जातं. अमेरिकेत १९०८ च्या अखेरीस एडिसनच्या पुढाकारानं पेटंटवाल्या सिनेकंपन्यांनी एकजूट केली. त्या एकजुटीबाहेर राहून चित्रपट काढणारे ते ‘इंडिपेंडंट’. पुढे १९२० च्या दशकात मनोरंजन-व्यवसायाच्या पत्रांनी त्याचं ‘इंडी’ केलं. म्हणजे जन्मापासून हा शब्द ‘मालक कोण?’ या प्रश्नाचं उत्तर आहे.

संगीतातही तेच. ब्रिटनमध्ये स्वतंत्र रेकॉर्डची वेगळी क्रमवारी १९८० च्या जानेवारीत सुरू झाली. तिच्यात येण्याची अट वितरणाची होती: रेकॉर्ड दुकानापर्यंत पोचवणारी यंत्रणा बड्या कंपन्यांची नसावी. गिटार कशी वाजावी याबद्दल त्या अटीत अवाक्षर नव्हतं. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस कायली मिनोग या पॉप गायिकेची निव्वळ नाचायची गाणी या यादीत वर बसलेली दिसतात. तिची कंपनी पीडब्ल्यूएल वितरणाच्या बाबतीत स्वतंत्र होती. गिटारप्रेमींना हे पटलं नाही. माझ्या मते यादी बरोबर होती आणि चिडणारे चुकत होते.

आवाजाशी या शब्दाची गाठ घट्ट केली ती १९८६ मध्ये एनएमई या साप्ताहिकानं काढलेल्या बावीस गाण्यांच्या कॅसेटनं. ‘सी-८६’ तिचं नाव. त्या बावीसांतले काहीच बँड किणकिणत होते, काही तर चक्क पत्रे वाजवल्यासारखे कर्कश होते, पण लक्षात किणकिणाट राहिला. इंग्रजी कोश आता तो दुसरा अर्थही देतात. बोलणाऱ्यांनी चूक केली की ती टिपून ठेवणं हे कोशकाराचं काम आहे, मान्य. पण आपण शब्द आज मराठीत आणतोय. दुसऱ्यांच्या चुकीसकट तो आणण्याची सक्ती आपल्यावर कोणी केलेली नाही.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते. ‘इंडिपेंडंट’ची फोड करा. लॅटिन ‘पेंडेरे’ म्हणजे लोंबणं, लटकणं. ‘डे’ म्हणजे खाली. ‘डिपेंड’ म्हणजे कशाला तरी धरून खाली लोंबणं, आणि ‘इन’ लागला की न लोंबणारा. घड्याळाचा पेंड्युलम, गळ्यातलं पेंडंट, टेबलावर पेंडिंग पडलेली फाइल, सगळी एकाच खुंटीला टांगलेली. आता मराठीकडे या. ‘डिपेंड’ला आपण काय म्हणतो? अवलंबून असणं. ‘अव’ म्हणजे खाली, ‘लंब्’ म्हणजे लोंबणं! पेंड्युलमला आपण म्हणतो लंबक. पेंडिंगला म्हणतो प्रलंबित. लॅटिन ‘पेंडेरे’ आणि संस्कृत ‘लंब्’ ही भावंडं नव्हेत, धातू पूर्ण वेगळे. तरी दोन्ही भाषांनी परावलंबी माणूस पाहिला तो वरच्या फांदीला धरून खाली लोंबणाराच.

यात ‘लेबल’ हा शब्द घाला. ‘इंडी लेबल’ म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड-कंपनी. पण जुन्या फ्रेंचमध्ये ‘लेबल’ म्हणजे कपड्याला लोंबणारी फीत, झालर. दस्तऐवजाला मोहोर लावायची ती खाली लोंबणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर, तीही लेबल. म्हणजे ‘इंडी लेबल’ म्हणजे न लोंबणारी लोंबती फीत. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी दुसरं काहीही केलं नाही.

आणि या लोंबण्याचा सुराशी थेट संबंध आहे. गिटारवर साधी ‘डी’ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा जोड, धरा. आता सगळ्यात बारीक तारेवर, तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी, करंगळी टेकवा. ‘डी’ला षड्ज मानलं तर गांधार गेला आणि त्याच्या जागी मध्यम आला. कान ताटकळतो. करंगळी उचला, गांधार परत येतो, कान निवांत होतो. त्याच तारेवरून सगळी बोटं काढा, आता रिषभ वाजतो, पुन्हा ताटकळ. या ताटकळत्या कॉर्डचं नाव ‘सस्’, म्हणजे ‘सस्पेंडेड’. पुन्हा तोच ‘पेंडेरे’! सूर टांगून ठेवलेला. आणि आपल्याकडे ख्याल संथ चालला की त्या लयीला काय म्हणतात? विलंबित. पुन्हा तोच ‘लंब्’!

यावर माझं एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. ज्या किणकिणाटाला लोक ‘इंडी आवाज’ म्हणतात त्याचा धागा १९६५ च्या बर्ड्‌स बँडमधल्या रॉजर मॅग्विनच्या बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारपासून निघतो. पुढे अमेरिकेत आरईएम बँडचा पीटर बक आणि ब्रिटनमध्ये स्मिथ्स बँडचा जॉनी मार यांच्यापर्यंत तो येतो. मोकळ्या तारा वाजत ठेवायच्या, कॉर्ड लगेच मिटवायची नाही, सूर टांगलेला राहू द्यायचा. हे परवडतं कोणाला? ज्याच्या मानेवर पैसे घालणारा बसलेला नाही त्याला. जो पैशासाठी लोंबत नाही तोच सुराला लोंबू देऊ शकतो. बर्ड्‌स बड्या कंपनीत होते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. मी मुळाबद्दल बोलत नाही, ही रीत पुढे कोणाच्या हातात टिकली त्याबद्दल बोलतोय. स्मिथ्सना १९८३ मध्ये घर दिलं ते रफ ट्रेडनं. १९७६ मध्ये लंडनमध्ये उघडलेलं रेकॉर्डचं एक दुकान, त्यातूनच ही कंपनी उगवली.

आता ‘स्वतंत्र’ हा प्रतिशब्द चालेल, की तो जड आहे? ‘तंत्र’ म्हटलं की लोकांना एकदम तंत्रज्ञान तरी आठवतं, नाहीतर मंत्र-तंत्र. ‘तन म्हणजे शरीर, म्हणून तंत्र’ असं छातीठोक सांगणारे तर पावलोपावली भेटतात. ते साफ चूक आहे. ‘विस्तारतं आणि तारतं ते तंत्र’ अशी फोड तंत्रशास्त्राच्या आगमग्रंथांत सापडते. ती त्या शास्त्राचा महिमा सांगते, शब्दाचा जन्म सांगत नाही. ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे. पिण्याचं साधन पात्र, नेण्याचं नेत्र, ऐकण्याचं श्रोत्र, झाकण्याचं छत्र. तसं ‘तन्’ म्हणजे ताणणं, आणि ताणण्याचं साधन ते तंत्र: विणकराचा माग, त्यावर ताणलेले उभे धागे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात तंत्र ‘ताणलं’ जातं ते याच अर्थानं. त्याच ‘तन्’पासून तंतू, वीणेची तंत्री, आपला ताण आणि गवयाची तान. ग्रीकमध्ये याच कुळातला ‘टोनोस’ म्हणजे ताण, त्यावरून इंग्रजीत टोन आणि ट्यून. इथं मात्र नातं खरं आहे, रक्ताचं आहे. ‘तान’ आणि ‘ट्यून’ एकाच आजीची नातवंडं आहेत.

शिवाय मराठीत ‘तंत्र’ म्हणजे दुसऱ्याचा कल, ताबा. ‘त्याच्या तंत्रानं घ्यावं लागतं’ असं आपण रोज म्हणतो. म्हणजे ‘स्वतंत्र’ या एका शब्दात ताबाही आहे आणि तारही. ‘इंडिपेंडंट’ फक्त काय नाही ते सांगतो: लोंबत नाही. ‘स्वतंत्र’ काय आहे ते सांगतो: स्वतःच्या मागावर स्वतः ताणलेली तार. गिटारवरच्या संगीताला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. ज्याला तो जड वाटतो त्यानं तो फक्त भाषणांत ऐकलेला असणार.

आता इंडी रॉकच्या मुळांकडे. न्यूयॉर्कर या अमेरिकन साप्ताहिकात २००७ साली साशा फ्रेर-जोन्स या समीक्षकानं लिहिलं की इंडी रॉकनं कृष्णवर्णीयांच्या संगीताचा ठेका आणि अंग टाकून दिलं. त्यावर बराच गदारोळ झाला. ठेक्याबद्दलचं त्याचं निरीक्षण मी खोडणार नाही, पण तोही ‘इंडी’ला आवाजच समजून बसला. मालकीच्या अर्थानं बघा, चित्र उलटं होतं. शिकागोच्या चेस कंपनीनं १९५५ मध्ये चक बेरीची पहिली तबकडी काढली. ती स्वतंत्र. मेम्फिसची सन कंपनी, जिनं एल्विस प्रेस्लीला आणलं आणि १९५५ च्या नोव्हेंबरात त्याचा करार आरसीए या बड्या कंपनीला ३५ हजार डॉलरला विकला, ती स्वतंत्र. व्ही-जे कंपनी तर कृष्णवर्णीय दांपत्याच्या मालकीची. हे सगळे ‘इंडी’ होते, आणि रॉक अँड रोल त्यांच्याच दारातून बाहेर आलं.

बेरी गॉर्डीनं १९५९ च्या जानेवारीत घरच्यांच्या सामाईक बचतीतून ८०० डॉलर कर्ज घेऊन कंपनी काढली, तीच पुढची मोटाउन. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडनं १९७६ च्या डिसेंबरात ओळखीपाळखीच्यांकडून ५०० पौंड गोळा केले, चार गाणी मुद्रित केली आणि पुढच्या महिन्यात स्वतःच्याच लेबलवर एक हजार प्रती काढल्या. त्या तबकडीच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे छापलंय की ते कितव्या टेकला जमलं आणि वरून किती थर चढवले. कारखान्याचा पडदा त्यांनी स्वतःच बाजूला केला. मोटाउन आणि बझकॉक्स यांचे आवाज एकमेकांजवळ ठेवले तर काहीही जुळत नाही. उसने पैसे आणि स्वतःचा शिक्का, हे मात्र तंतोतंत जुळतं. ‘तंतोतंत’ म्हणजे धाग्याला धागा. इंडीचं मूळ मला तिथं दिसतं.

मग इंडी रॉक संपलं का? आवाज म्हणाल तर तो बड्यांनी केव्हाच उचलला. क्रिएशन कंपनीनं १९९२ मध्येच ४९ टक्के हिस्सा सोनीला विकला. स्ट्रोक्स बँडला २००१ पासून सगळे इंडी म्हणतात, पण अमेरिकेत त्यांची कंपनी आरसीए. आता उलट बाजू. २००६ च्या जानेवारीत आर्क्टिक मंकीज बँडचा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये एका आठवड्यात साडेतीन लाखांवर खपला, तो डोमिनो या स्वतंत्र कंपनीचा. २०११ च्या फेब्रुवारीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं ते आर्केड फायर बँडला, आणि त्यांची कंपनी मर्ज, दोन वाद्यवाल्यांनी १९८९ मध्ये काढलेली. त्याच वर्षी गायिका अडेल ब्रिटनमध्ये ज्या एक्सएल लेबलवर गात होती तीही स्वतंत्रच. अडेलला इंडी म्हणायला तुमची जीभ अडखळते, कारण तुमच्या डोक्यात आवाज बसलाय. ब्रिटनच्या क्रमवारीनं २००९ मध्ये अट बदलली. आता वितरण कोणाचंही असो, कंपनीची निम्मी तरी मालकी बड्यांच्या बाहेर हवी. पंचवीस-तीस वर्षं किणकिणाट ऐकूनही तिथल्या माणसांनी विचारलं काय? मालक कोण. गिटार आहे का, हे त्यांनी अजूनही विचारलेलं नाही.

राहिलं लिंग. जॅझ, पॉप, रॉक ही नावं मनात ‘संगीत’ ठेवून वापरली की नपुंसकलिंगी चालतात, ‘प्रकार’ ठेवून वापरली की पुल्लिंगी. दोन्ही कानावर येतात. मी ‘इंडी रॉक ऐकलं’ म्हणतो, म्हणून ‘मेलं’. ते वाक्य व्याकरणानं बरोबर आहे. अर्थानं चूक आहे, आणि का ते वर लिहिलंय.