कोल्हापुरात नृत्यवर्ग घेते. मुलींना मोबाइलवर नाचाचा व्हिडिओ काढायला कसं शिकवू?

आधी एडिटिंगचं ॲप उघडूच नका, नाहीतर अख्खा तास फिल्टर निवडण्यातच जातो. पहिल्या दिवशी एकच नियम: चित्रात पाय कापायचे नाहीत. कथक असो वा लावणी, अर्धा जीव पायांत असतो आणि रीलच्या नादात मुली नेमकं कंबरेपर्यंतच घेतात. मोबाइल आडवा, कंबरेच्या उंचीवर, स्टँडवर. सेकंदाला 60 फ्रेम ठेवल्या तर तत्कार, म्हणजे कथकमधलं पायांचं काम, हळू करून बघताना तुटक दिसत नाही. सेल्फी कॅमेऱ्याच्या पडद्यावर डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून मागचाच कॅमेरा. मग काढलेला व्हिडिओ बघून प्रत्येकीनं आपली एक चूक आपणच सांगायची; खरं शिकणं इथं होतं. रंकाळ्यावर शूटिंग करायचं तर सकाळी लवकर जावा. संध्याकाळी गर्दीत मोकळी फ्रेम मिळत नाही, भेळ तेवढी मिळते.