वाचकांचे प्रश्न: मारबतीचा गेम

प्रश्न: तान्ह्या पोळ्याच्या मारबतीवर (नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा) आठवीच्या मुलांनी स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायचं साधन) गेम केला. मारबतीचा फोटो आहे, नाणी गोळा करायची आहेत, मध्ये मध्ये माहितीचे प्रश्न येतात. पण मुलं प्रश्न न वाचताच पुढे जातात. काय चुकतंय? (शिक्षिका, महाल)

उत्तर: नाणी काढा. मारबतीच्या जागी गणपती ठेवला तरी हा गेम असाच चालेल, म्हणजे मारबत त्यात आलेलीच नाही. मिरवणुकीची रीत हाच खेळाचा नियम करा: वस्तीतली पीडा मारबतीवर लादायची, वस्तीबाहेर न्यायची, जाळायची. पीडा मुलांनी ठरवावी. डेंग्यूचा डास, तुंबलेली नाली, पेपरफुटी. बडगेही (मारबतीसोबत निघणारे टीकेचे पुतळे) दरवर्षी असेच ठरतात. काळी मारबत बाणाच्या कळांनी चालवा, पिवळी डब्ल्यू-ए-एस-डीने, आणि नेहरू पुतळ्यापाशी दोघींची गाठ पडल्याशिवाय जाळायचं दृश्य उघडू नका.

आता नेमकं कुठे अडतं ते. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० असतो. कागदावर रंगवलेल्या मारबतीचा मोबाइलने फोटो काढा, मागची बाजू पुसा आणि पीएनजीमध्येच सेव्ह करा. जेपीजीत पारदर्शक भाग टिकत नाही. मारबतीभोवती पांढरा चौकोन येतो आणि 'टचिंग' ब्लॉक (दोन चित्रं एकमेकांना लागली का ते तपासणारा) त्या चौकोनालाही मारबतच धरतो. डास लांब असतानाच चिकटला, तर कारण बहुधा हेच.

गुण भराभर वाढत असतील तर मोजणी 'फॉरएव्हर' या न थांबणाऱ्या लूपमध्ये अडकलेली असणार. तो लूप सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो, त्यामुळे एकच डास अर्ध्या सेकंदात १५ गुण भरतो. डासाच्या स्क्रिप्टमध्ये 'वेट अंटिल टचिंग', मग गुण एकने वाढवा, मग 'हाइड', एवढंच ठेवा. गेम सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याखाली 'शो' आणि 'गुण शून्य' टाकायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या डावात डासच दिसत नाहीत आणि जुने गुण तसेच राहतात.

'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी 'से' ब्लॉकमध्ये (पात्राच्या तोंडी मजकूर दाखवणारा) देवनागरीत टाइप करता येते. त्याची मर्यादा ३३० चिन्हांची, पण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात: 'मारबत'ची अक्षरं चार, चिन्हं पाच. लांब मजकूर मध्येच तुटतो तो यामुळे. खरं तर एवढा मजकूर लागूच नये.

प्रश्न: गेमला कला म्हणायचं का? (वाचक, धरमपेठ)

उत्तर: न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पॅक-मॅन, टेट्रिससह १४ गेम संग्रहात घेतले, अर्थात वास्तुकला आणि डिझाइन विभागात. चित्रशैलीच पाहायची असेल तर पुण्यात घडलेला 'राजी' (२०२०) बघा.

प्रश्न: मुलगी सातवीत आहे. प्राचीन इजिप्तचा गेम मागते. मारामारी नको, शिकायला मिळावं. (पालक, मनीषनगर)

उत्तर: 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' हा मूळ गेम तिच्या वयाला नाही. त्याची २०१८ ची 'डिस्कव्हरी टूर' घ्या. लढाई नाही, ७५ मार्गदर्शित फेरफटके आहेत. डिस्कवर चाळीसेक जीबी जागा मात्र मोकळी हवी. एका बसणीत दोनच फेऱ्या करू द्या. शाळेच्या दृश्यात मुली मुलांसोबत बसलेल्या दिसतात. त्या काळी तसं नव्हतं, हे टूर स्वतःच सांगते. तिथे गेम थांबवा आणि 'मग त्यांनी असं का दाखवलं असेल?' एवढंच विचारा.