‘लांडगा आला’ पाठ आहे, तरी मूल खोटं बोलतं

“मॅडम, तात्पर्य तोंडपाठ आहे त्याचं, पण खोटं बोलायचं काही थांबत नाही.” पाच ते आठ वर्षांच्या मुलांचे आईवडील माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा ही तक्रार हमखास असते.

सिद्धू (नाव बदललं आहे) सहा वर्षांचा. सोलापुरात अशोक चौकाजवळ घर, वडिलांचे यंत्रमाग. दूध मोरीत ओतायचं आणि “प्यायलो” म्हणायचं, वही फाडून ताईचं नाव सांगायचं, असं चालायचं. पकडला गेला की वडील त्याला समोर बसवून ‘लांडगा आला रे आला’ त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. आजींच्या गोष्टीत तर लांडगा मेंढ्यांवर थांबत नाही, त्या पोरालाही खातो.

मी त्याच्यापुढे खेळण्यातली जनावरं ठेवली आणि म्हटलं, आज तू सांग. त्याने गोष्ट रंगवून सांगितली. यातून काय कळलं, असं विचारल्यावर म्हणाला, “दोनदा चालतं. तिसऱ्यांदा लांडगा येतो.” थोडं थांबून पुढे, “पण लांडगे नान्नजला असतात. आमच्या चौकात येत नाहीत.” सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडगे आहेतच, त्यामुळे हे त्याचं बरोबर होतं. आई हसली. मग त्याने विचारलं, “तो खरं ओरडला तेव्हा त्याचे आईबाबा का नाही आले?” यावर खोलीत कुणीच बोललं नाही.

मला त्या घराचं दुखणं या प्रश्नात दिसलं. आपण अडचणीत असताना कुणी येणार नाही, एवढंच सिद्धूपर्यंत पोचलं होतं. भ्यालेलं मूल खरं बोलत नाही, ते पकडलं न जाण्याची खटपट करतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कांग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना एका खेळात चोरून बघायची संधी मिळत होती. नंतर त्यांना गोष्ट ऐकवून विचारलं, पाहिलंस का? लांडग्याची गोष्ट ऐकलेल्या मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. चेरीचं झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि वडिलांची शाबासकी मिळवणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकलेली मुलं मात्र जास्त प्रमाणात खरं बोलली. त्याच गोष्टीत बदल करून खोटं बोलण्याचे वाईट परिणाम दाखवले, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला.

आईवडिलांना मी सांगितलं, चूक झाल्यावर गोष्ट सांगायची नाही. गोष्ट रात्री, अंथरुणात, लाडात. “तात्पर्य काय?” हा प्रश्न काही दिवस पूर्ण बंद. त्याऐवजी विचारा, तो पोरगा दिवसभर माळावर एकटा होता, त्याला कंटाळा आला असेल का? गावकऱ्यांनी काय करायला हवं होतं? आणि सिद्धूने स्वतःहून काही कबूल केलं, तर तोंडातून पहिलं वाक्य निघायला हवं, “बरं झालं सांगितलंस.” सांडलेलं त्याने पुसायचंच, फाटलेलं चिकटवायचंच. त्यात सूट नाही. पण ओरडा नाही.

वडिलांना हे पटेना. “मग धाक कशाचा राहणार मॅडम?” मी त्यांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं. खूप वेळाने त्यांना आठवलं, खेळताना त्यांनी मागावरचा अख्खा ताणा तोडला होता आणि रडत वडिलांना जाऊन सांगितलं होतं. म्हातारा चिडला, पण मारलं नाही. शेजारी बसवून एकेक धागा जोडायला लावला. मी म्हटलं, दादा, तुमच्या घरची नीतिकथा हीच. आज रात्री ही सांगा.

सिद्धूने ती पुन्हा पुन्हा मागितली. लांडग्यापेक्षा आजोबा जवळचे असतात. कोल्हा, कावळा, सिंह मुलांना आवडतातच, ते जरूर सांगावेत. मात्र पंचतंत्रातला विष्णुशर्मा राजपुत्रांना राजनीती शिकवत होता. त्यातल्या लबाड कोल्ह्यावर मूल खूश झालं, तर त्याला लगेच दुरुस्त करायला धावू नये.

पुढच्या भेटीत आईने सांगितलं, शेंगाचटणीची बरणी फुटली तेव्हा सिद्धू स्वतःच सांगायला आला. दात घासल्याचं अजून खोटं सांगतो. सहाव्या वर्षी तेवढं चालायचंच. पण खोट्यासोबत मूल शाळेला घाबरत असेल, झोपेत दचकत असेल किंवा एखाद्या माणसाचं नाव टाळत असेल, तर गोष्टींवर विसंबू नका, त्याला घेऊन समुपदेशकाकडे या.