मोझांबिकच्या आधी मंडूर

प्रश्न : माझी मुलगी गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून) एमबीबीएस झाली, आता इंटर्नशिप करते. बालरोगतज्ज्ञ होऊन आफ्रिकेतल्या गरीब देशांत मुलांसाठी काम करायचं, असं तिनं ठरवलंय. एका एजन्सीनं चार आठवड्यांच्या आफ्रिका दौऱ्याचे दोन लाख सांगितलेत, महिनाअखेरपर्यंत भरायचे आहेत. भरावेत का? आणि या कामाची तयारी करतात तरी कशी?
— एक आई, डिचोली

ताई, पैसे भरू नका. चार आठवड्यांत तिथली भाषा कानाला लागत नाही, आणि नवख्या पाहुणीला सांभाळण्यात तिथल्या मोजक्या डॉक्टरांचा वेळ जातो. अशा छोट्या दौऱ्यांतल्या नैतिक पेचांवर जॉन्स हॉपकिन्स आणि स्टॅनफर्ड विद्यापीठांचा एक मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. तो तिनं आधी करावा. आपल्याला नीट न येणारी गोष्ट कुणी हातात दिली तर नाही म्हणता येणं, हे या क्षेत्रातलं फार महत्त्वाचं कौशल्य आहे.

तिची इच्छा मात्र लाखमोलाची आहे. २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख मुलं दगावली, त्यातली जवळपास निम्मी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात. न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया, अपुऱ्या दिवसांचा जन्म... बहुतेकांवरचे उपाय आपल्याला माहीत आहेत, ते वेळेवर पोचत नाहीत. पोचवणारी माणसं हवीत.

गोव्यात शिकणाऱ्यांची एक अडचण आहे. आपला बालमृत्युदर देशातल्या सर्वांत कमी दरांपैकी आहे. हे भाग्यच, पण त्यामुळे हाडांना कातडी चिकटलेलं कुपोषित मूल इथल्या इंटर्नला क्वचितच दिसतं. शिवाय गोमेकॉच्या बांबोळीतल्या रुग्णालयात एक्स-रे, रक्त तपासणी, व्हेंटिलेटर सगळं हाकेच्या अंतरावर. यातलं काहीच नसताना अचूक निर्णय घेणं तिला शिकायचंय.

त्यासाठी उत्तम साधनं फुकट मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेचं, लहान रुग्णालयांत मुलांवर उपचार कसे करावेत हे सांगणारं पॉकेट बुक (सुधारित आवृत्ती २०१३) संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं. सोबत आपल्या सरकारचं आयएमएनसीआय (नवजात आणि लहान मुलांच्या आजारांची एकत्रित हाताळणी) प्रशिक्षण साहित्य घ्यावं. खोकला झालेल्या बाळाचे श्वास घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचे: दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जलद. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी, तर कुपोषण तीव्र. मशीन लागत नाही. रडणाऱ्या बाळापाशी धीरानं बसावं लागतं, आणि ते सवयीनंच येतं. जन्मतः न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यायचा, हे अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१० पासूनच्या 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' अभ्यासक्रमात बाहुलीवर शिकवतात. आपल्याकडे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनाही नवजात पुनरुज्जीवनाच्या कार्यशाळा घेते. एक तिनं इंटर्नशिपमध्येच गाठावी.

एक साधन मला विशेष मोलाचं वाटतं: 'शुगर' नावाचा मोफत संच. परदेशी पोस्टिंगला निघालेल्या निवासी डॉक्टरांसाठी तो बनवलाय. ऑक्सिजन संपलाय, रक्त मिळत नाही, इथे जे मूल वाचलं असतं ते तिथे हातातून जातंय, अशा प्रसंगांचा सराव त्यात गटानं करतात आणि नंतर मनात काय चाललंय ते बोलतात. ताई, तिला खरा त्रास अशा प्रसंगांतच होईल. ताप-जुलाबाची औषधं ती पाठ करेल. पण वाचवता न आलेल्या मुलाच्या आईसमोर उभं कसं राहायचं, याचाही सराव हवा. ती घरी येऊन गप्प बसली, तर "कशाला गेलीस?" असं विचारू नका. नुसतं ऐका.

आता जागा. आधी गोव्यातल्याच मंडूरचं ग्रामीण आरोग्य केंद्र. तिथली इंटर्नशिपची पोस्टिंग सह्यांपुरती उरकू नये, अंगणवाडी सेविकेबरोबर घरोघरी जावं. मग गडचिरोली. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आणला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. आज आफ्रिकेतले लोकही ज्या कामातून शिकतात, ते तिच्या मायबोलीत बोलणाऱ्या माणसांनी उभं केलंय. थेट प्रश्न विचारता येणं ही तिची केवढी सोय आहे!

आफ्रिकेसाठी गोव्याकडे आणखी एक दार आहे, पोर्तुगीज. मोझांबिक, अंगोला, गिनी-बिसाऊत तीच राजभाषा. मोझांबिकच्या मान्यिसा संशोधन केंद्रात मलेरियाच्या लशीची मुलांवरची महत्त्वाची चाचणी झाली. पणजीत कामोइश केंद्रात पोर्तुगीज शिकता येते, गोवा विद्यापीठातही विभाग आहे. बाळ कधीपासून पीत नाही, हे आईला तिला कळेल अशा भाषेत विचारता आलं पाहिजे.

'नीट पीजी' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेकडे दुर्लक्ष नको. बालरोगात एमडी आणि थोडा अनुभव असेल, तरच 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'सारख्या, संकटग्रस्त देशांत उपचार करणाऱ्या संस्थांत तिचा खरा उपयोग होईल. तिथे काम पगारी असतं, पण पगार बेताचा. तुमच्या दोन लाखांतून पोर्तुगीजची फी, कार्यशाळा आणि गडचिरोलीचा प्रवास हे सगळं भागेल. उरलेले एमडीसाठी ठेवा.