अर्नेस्ट लफ हा मुलगा एका रेकॉर्डमुळे एवढा प्रसिद्ध कसा झाला?

गळा होताच, पण वेळही अचूक जुळली. लफचा जन्म १९११चा. लंडनच्या टेंपल चर्चमध्ये तो मुलांच्या गायकवृंदात होता आणि जॉर्ज थॅल्बेन-बॉल त्याला शिकवत. १९२७च्या मार्चमध्ये हिज मास्टर्स व्हॉइस (एचएमव्ही) या रेकॉर्ड कंपनीने जर्मन संगीतकार मेंडेलसोनच्या 'हिअर माय प्रेअर' या प्रार्थनागीताचं ध्वनिमुद्रण थेट चर्चमध्येच केलं. लफ तेव्हा १५ वर्षांचा होता, म्हणजे आवाज फुटायच्या अगदी उंबरठ्यावर.

१९२५पर्यंत ध्वनिमुद्रणासाठी मायक्रोफोन नसे, आवाज गोळा करणाऱ्या भोंग्यासमोर गावं लागे. त्यात मुलाचा कोवळा आवाज आणि चर्चमधला घुमारा दोन्ही हरवत. आता मायक्रोफोन आत होता आणि मुद्रणयंत्रं बाहेरच्या गाडीत. म्हणूनच या रेकॉर्डमध्ये दगडी भिंतींचा घुमारासुद्धा ऐकू येतो. रचना मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या दोन बाजूंवर विभागली होती. सगळ्यांना आठवते ती दुसरी बाजू, 'ओ फॉर द विंग्ज ऑफ अ डव्ह'.

खप इतका झाला की तबकड्या छापायचा मूळ साचा झिजला आणि १९२८मध्ये पुन्हा गाऊन घ्यावं लागलं. जुनी तबकडी विकत घेताना हे लक्षात ठेवा: दोन्ही मुद्रणं एकाच क्रमांकाखाली विकली गेली आहेत, त्यामुळे नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. पुढे लफचा आवाज बॅरिटोन, म्हणजे पुरुषाचा मध्यम पट्टीतला, झाला.