व्हाइटवॉटर कयाकिंगसाठी निओप्रीन पँट किती जाडीची घ्यावी?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत महेश्वर आणि मार्चमध्ये ऋषिकेश, दोन्हीकडे खळाळत्या पाण्यात (व्हाइटवॉटर) कयाकिंग करायचंय, तर पँट 1 मिमीची घ्यावी, 2 ची की 3 ची. मीही इंदूरचाच, आणि या भानगडीत पैसे घालवून बसलेला. आधी 3 यादीतून काढा.

माझी पहिली पँट 3 मिमीचीच होती. जेवढी जाड तेवढी ऊबदार, असा साधा हिशेब. घरी आरशासमोर उभा राहिलो तर झकास बसली होती. आई म्हणाली, "टायर कापून विजार शिवलीस का रे?" हसलो. महेश्वरला बोटीत बसल्यावर अर्ध्या तासात गुडघ्यांच्या मागे रबराच्या जाड वळ्या पडल्या आणि संध्याकाळी तिथली कातडी सोलवटलेली. कयाकमध्ये आपण उभे नसतोच ना! पाय पुढे, गुडघे बेडकासारखे फाकवून थाय ब्रेसखाली, म्हणजे बोटीतल्या मांड्यांच्या आधारांखाली, अडकवलेले. बोट एका बाजूला कलती करायची, उलटली तर रोल मारून सरळ करायची, सगळा जोर त्या गुडघ्यांतून आणि कमरेतून जातो. जाड पँट दर वेळी पाय सरळ करायला बघते, आणि तुम्ही नदीऐवजी तिच्याशीच झगडत बसता.

म्हणून पँट घरी आली की टॅग न काढता घाला, जमिनीवर तसंच गुडघे फाकवून बसा आणि पंधरा मिनिटं मोबाइल बघा. पुढे-मागे वाका. मागून कंबर उघडी पडली तर परत पाठवा, कारण पाण्यात पडल्यावर गार पाणी तिथूनच आत शिरतं. गुडघ्यामागे चिमटा बसतोय का ते बघा. गुडघ्यांवर कडक पॅड असतील तर नको, साधं पातळ ठिगळ पुरे. कमरेला चेनपेक्षा रुंद इलॅस्टिक किंवा नाडी बरी, स्प्रे स्कर्टची, म्हणजे कमरेला घालून बोटीचं तोंड झाकायच्या कापडाची, नळी त्यावर नीट बसते.

आता ऊब. निओप्रीन म्हणजे ढोकळ्यासारखं जाळीदार रबर, फक्त यातलं प्रत्येक भोक बंद असतं आणि आत वायू कोंडलेला असतो. थंडी तोच अडवतो. पँट आणि कातडी यांच्यात जे थोडं पाणी शिरतं ते अंगाच्या उष्णतेनं कोमट होतं. पँट सैल असेल तर ते कोमट पाणी दर हालचालीला बाहेर आणि गार पाणी आत. त्यामुळे ढगळ 3 मिमीपेक्षा अंगाला चिकटलेली दीड मिमी जास्त ऊब देते. शिवाय बोटीत असेपर्यंत स्प्रे स्कर्टखाली पाय बऱ्यापैकी कोरडेच असतात. पँटचं खरं काम तुम्ही पाण्यात पडल्यावर सुरू होतं.

महेश्वरला ते काम ऊब देण्यापेक्षा कातडी वाचवण्याचं जास्त. सहस्रधारेत नर्मदा काळ्या खडकांतून शेकडो धारांनी फुटते, 2023 मध्ये खेलो इंडियाची कनू स्लॅलम (खळाळत्या पाण्यात टांगलेल्या फाटकांमधून बोट न्यायची शर्यत) तिथेच झाली. उथळ जागी पडलात की नडग्या खडकावर घासतात. 1 मिमीसुद्धा तिथे पुरतं. वरच्या ओंकारेश्वर धरणातून पाणी सुटलं की पातळी बदलते, तेव्हा उतरण्याआधी घाटावरच्या नाववाल्या भियाला विचारून घ्या. गारठा वाजतो तो बाहेर आल्यावर, सकाळच्या वाऱ्यात. त्यासाठी वरून घालायला साधी विंडचीटरच्या कापडाची पँट ठेवा.

ऋषिकेशचं गणित वेगळं. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येतात, दोघी हिमालयातल्या बर्फाचं पाणी घेऊन. मार्चमध्ये बाहेर ऊन छान असतं, पण पाण्यात पडताच श्वास अडकतो. तिथे नुसती पँट घालून जाऊ नका. पाय ऊबदार आणि छाती गार, याला काही अर्थ नाही. आधी धड झाका. बिनबाह्यांचा सलग वेटसूट मिळतो, दुकानदार त्याला फार्मर जॉन म्हणतात. तो 2-3 मिमीचा घ्या आणि वरून पॅडलिंग जॅकेट. रॅफ्टिंगवाल्यांकडे भाड्यानं मिळतो का ते आधी विचारा, एका ट्रिपसाठी विकत कशाला?

म्हणजे विकत घ्यायची ती 1 आणि 2 च्या मधली, दीड मिमीची, महेश्वरसाठी. शिवण दोन्ही बाजूंनी दिसणारी, सपाट असेल तरी चालेल. सुई आरपार गेल्यानं ती थोडं पाणी घेते, पण नर्मदेत त्यानं बिघडत नाही आणि कातडीला टोचत नाही. आत सुती चड्डी नको, ओली होऊन काचते, लायक्राची घाला.

वापरून झाल्यावर साध्या पाण्यात खंगाळा, पिळू नका, उलटी करून सावलीत वाळवा. मी एकदा मे महिन्यात गच्चीवर विसरलो होतो. आता ती पँट गाडी पुसायला आहे, आणि तेही काम धड करत नाही.